अनुताप ज्याचा त्याने करावा



मोबाईलवर रोज सकाळी सुविचार येतात. त्यांत एक फिरून फिरून येतो: झाले गेले विसरा, मागे वळून पाहू नका, पस्तावा हा दुबळ्या मनाचा रोग आहे. बाजारातल्या वक्त्यांनी हे सांगावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा तो धंदा आहे. पण हाच उपदेश आता सप्ताहाच्या मांडवातून, वीणेच्या साक्षीने दिला जातो. 'सगळे त्याच्याच इच्छेने घडते, मग तुम्ही कशाला मनाला लावून घेता?' असे म्हटले की टाळी पडते आणि पुढच्या रांगेतल्या यजमानाचा चेहरा खुलतो. त्याच मांडवातून दुसऱ्या दिवशी, घरातला कर्ता पुरुष गेलेल्या बाईला सांगितले जाते, 'माय, हे तुझे मागच्या जन्मीचे भोगणे आहे.' म्हणजे करणाऱ्याच्या पदरात देवाची इच्छा आणि भोगणाऱ्याच्या पदरात पाप. दोन रोग्यांच्या बाटल्या अदलाबदल झाल्या आहेत. त्या जागच्या जागी याव्यात एवढ्यासाठी हा लेख आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण हळहळ, खंत, पस्तावा आणि अनुताप हे चार शब्द एकाच ओंजळीत धरतो. पाऊस लांबला, पेरणी साधली नाही, त्याची होते ती हळहळ. आई शेवटची घटका मोजत होती आणि मुलगा परगावी होता, त्याला आयुष्यभर टोचते ती खंत. त्यात त्याचा अपराध नाही. व्यवहारात फसलो, पैसा बुडाला, म्हणून कपाळावर हात मारतो तो पस्तावा. त्यात नजर आपल्या तोट्यावर असते. आणि माझ्या हातून दुसऱ्याचे वाईट झाले, किंवा मी ज्या जिण्याला आलो होतो त्याला बट्टा लागला, हे कळून आतून जी आग लागते ती अनुताप. 'तप्' हा धातू तापण्याचा आहे. सोने तापते तेव्हा हीण जळते. हळहळीत, खंतीत आणि पस्ताव्यात माणूस नुसता पोळतो. अनुतापात त्याच्यातले काही तरी जळून जाते. आपण सांगतो 'विसरा', तेव्हा या चौघांतले काय विसरायला सांगतो, हे आधी सांगायला नको काय?

आता पूर्वपक्ष. विद्वान मंडळी म्हणतात, 'महाराज, ज्ञानी माणूस शोक करीत नाही, हे गीतेने दुसऱ्याच अध्यायात सांगून टाकले. आत्मा अकर्ता आहे. मग अनुताप कोणी आणि कशाचा करायचा?' याहून जोरदार आधार तैत्तिरीय उपनिषदाचा. आनंदवल्लीच्या नवव्या अनुवाकात म्हटले आहे की ब्रह्माचा आनंद ज्याने जाणला, त्याला दोन विचार जाळीत नाहीत: मी चांगले का केले नाही, आणि मी पाप का केले. उपनिषदाने अनुतापाची दोन्ही दारे किती नेमकी दाखवली ते पाहा. एक केलेल्याचे, एक न केलेल्याचे. आपण केलेल्याचाच हिशेब धरतो. शेजारी बुडत असताना आपण ओट्यावर बसून पाहिले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

पण या वचनाचा अर्थ काय? ज्याला ब्रह्म कळले त्याला हे विचार जाळीत नाहीत. ज्याला ब्रह्म कळलेले नाही, त्याने ते विझवून टाकावेत असे तिथे म्हटलेले नाही. चुलीतले लाकूड जळून संपले म्हणजे आग शांत होते. लाकूड तसेच असताना वरून परात झाकली तर घरभर धूर होतो. अकर्ता आत्म्याची भाषा मापात काटा मारणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. नफा घेताना 'मी कमावले' म्हणायचे आणि अपराधाची वेळ आली की 'मी कुठे कर्ता, कर्ता तो विठ्ठल' म्हणायचे, हे वेदांताचे कोणत्या शाळेतले शिक्षण? कर्तेपण सोडायचे असेल तर आधी नफ्याचे सोडा, मग अपराधाचे सोडू.

आपल्या माउलींनी हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की अत्यंत दुराचारी माणूसही अनन्य भावाने मला भजू लागला तर त्याला साधूच समजावे, कारण त्याचा निश्चय नीट झाला आहे. या ठिकाणी ज्ञानदेवांनी अनुतापाला तीर्थ म्हटले आहे. दुष्कृत्य केलेला माणूस त्या तीर्थात न्हाऊन मग भगवंतात शिरतो. यातला क्रम ध्यानात घ्यावा. आधी न्हाणे, मग शिरणे. चंद्रभागा टाळून थेट गाभाऱ्यात जाणारी वाट माउलींनी दाखवलेली नाही. आणि तीर्थ म्हटले यात दुसरीही एक खूण आहे. तीर्थात माणूस न्हातो, तिथे मुक्काम ठोकीत नाही. 'मी पापी, मी पापी' असे चार लोकांत म्हणत वर्षानुवर्षे ओल्या धोतराने घाटावर बसलेला माणूस अनुतप्त नसतो. आपल्या पापाचाही त्याला मोठेपणा वाटू लागलेला असतो. तेव्हा 'विसरा' म्हणणारा तीर्थ टाळतो, आणि कुढत बसणारा तीर्थातून बाहेर येत नाही. माउलींच्या वाटेवर दोघेही नाहीत.

नाथांकडे चला. त्यांच्या 'चिरंजीवपद' या छोट्या प्रकरणात साधकाला पहिली गोष्ट सांगितली आहे ती अनुतापाची. आणि मृत्यू रोज जवळ आहे हे जाणणे, हे त्याचे रूप सांगितले आहे. ज्याला वाटते की आपल्याला अजून पुष्कळ वेळ आहे, तो अपराध दुरुस्त करायचे उद्यावर ढकलतो. शके १४९५ मध्ये काशीला पूर्ण झालेल्या नाथांच्या भागवतात याची दोन उदाहरणे भेटतात, आणि दोन्ही आपल्या कामाची आहेत.

पहिला राजा पुरूरवा. उर्वशी सोडून गेली तेव्हा हा चक्रवर्ती राजा वेड्यासारखा, उघडा, 'थांब थांब' म्हणत तिच्यामागे धावला. हा झाला पस्तावा. गमावलेल्या सुखासाठी रडणे. पुढे त्याचे डोळे उघडले तेव्हा तो काय म्हणाला? दोष त्याने उर्वशीवर ठेवला नाही. दोरीला साप समजून जो भ्याला, त्याने दोरीला शिव्या द्यायच्या काय? दोष पाहणाऱ्याचा, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. रडणे दोन्ही वेळचे आहे, पण पहिल्या रडण्यात बोट दुसऱ्याकडे आहे आणि दुसऱ्यात स्वतःकडे.

दुसरा अवंतीचा कदर्यू. शेती, व्यापार, भरपूर धन, आणि हात असा घट्ट की घरच्यांनाही सुख नाही आणि आल्या अतिथीला गोड शब्दही नाही. धन गेले, काही नातलगांनी नेले, काही चोरांनी, काही काळाने. सगळ्यांनी टाकल्यावर तो आधी धनासाठी तळमळला आणि मग त्याला स्वतःच्या जिण्याची शिसारी आली. भिक्षू होऊन निघाला तेव्हा लोकांनी त्याला छळले. त्यावर तो म्हणतो, माझ्या सुखदुःखाला हे लोक, देव, ग्रह, कर्म, काळ यांपैकी कोणी कारण नाही. कारण माझे मन. पत्रिका घेऊन बसणाऱ्यांनी हे एकदा वाचावे. ग्रहांची आणि कर्माची सबब त्याने आपल्या हाताने दूर सारली. पण आणखी एक गोष्ट विसरू नका. हे त्याने स्वतःला सांगितले. दुसऱ्या कोणा पीडलेल्याच्या दारात जाऊन 'तुझ्या दुःखाला तुझे मनच कारण' असे तो म्हणाला नाही. तेच वाक्य स्वतःला सांगितले तर ज्ञान होते, आणि रडणाऱ्याला सांगितले तर ते निर्दयपण होते.

आता अजामिळ. नाममहिमा सांगताना ही कथा हटकून येते. पोराला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि यमदूत पळाले. मांडवात गजर होतो, कथा संपते. भागवतात ती तिथे संपत नाही. विष्णुदूतांनी सोडवल्यावर अजामिळ जिवंतच होता. म्हातारे आईबाप टाकले, तरुण पत्नी टाकली, हे एकेक आठवून तो तळमळला. मग घर सोडून गंगाद्वारी गेला, तिथे साधना केली आणि त्यानंतर त्याने देह ठेवला. नामाने त्याला यमपाशातून सोडवले आणि अनुतापाला सवड दिली. ही मधली पाने फाडून जो अजामिळ विकतो, तो नामाचा महिमा वाढवीत नाही. नामाच्या आधाराने पाप करण्याची मुभा वाटतो. आणि नामाच्या बळावर पाप करणे हा तर नामापराधांतला एक मोठा अपराध मानला आहे.

कोणी म्हणेल, या जुन्या कथा. तर आपल्या वर्धा जिल्ह्याच्या मातीतलीच माणसे घ्या. १९३६ साली सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी त्याआधी, एप्रिल १९१९ मध्ये, सत्याग्रह थांबवला होता. लोकांची तयारी होण्यापूर्वीच आपण त्यांना कायदा मोडायला सांगितले, ही हिमालयाएवढी चूक झाली, असे त्यांनी नडियादला भर सभेत सांगितले. लोक हसले. पण त्या कबुलीचा आपल्याला कधीच पस्तावा झाला नाही, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. चुकीचा ताप आणि कबुलीचे समाधान एकाच छातीत नांदू शकतात, याला याहून चांगला दाखला कोणता?

पवनारचे विनोबा १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मुरैनाच्या बाजूला पायी फिरत होते. वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. गोष्ट इथवर सगळ्यांना सांगायला आवडते. पुढचे असे की त्यांना शिक्षेतून सूट मिळालेली नव्हती. ते तुरुंगात गेले, त्यांच्यावर खटले चालले. विनोबांच्या पायांवर डोके ठेवले म्हणून मारल्या गेलेल्यांचे हिशेब मिटले नाहीत. खऱ्या अनुतापाची ही कसोटी आहे: तो सवलत मागत नाही. 'मी माफी मागितली ना, मग आता विषय संपवा' असे जो म्हणतो, त्याने माफी मागितलेली नाही, सौदा केला आहे.

आता बाटल्यांच्या अदलाबदलीकडे येतो. हे दुखणे आजचे नाही. आळंदीत काय झाले होते? विठ्ठलपंत संन्यास सोडून घरी आले ते गुरूच्या आज्ञेने. ब्रह्मसभेने त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि त्या दोघा पतिपत्नींनी ते घेतले; चार लेकरे उघडी पडली. प्रायश्चित्त कोणी भोगले? ज्यांचा अपराध नव्हता त्यांनी. ज्यांनी ते सांगितले, त्या सभेला अनुताप झाल्याचे कुठे ऐकले आहे काय? प्रायश्चित्त बाहेरून लादता येते, अनुताप लादता येत नाही, हा दोहोंतला भेद आळंदीने कायमचा शिकवला. आणि त्याच घरातल्या लेकराने पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचे वाकडेपण जावे एवढेच मागितले. म्हणजे माउलींनी त्या सभेसाठी अनुतापच मागितला.

आज ती सभा कुठे बसते ते पाहा. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. अशी घरे आपल्या गावोगाव आहेत. त्या घरातली बाई रात्री जागी असते. 'मी त्या दिवशी माहेरी गेली नसती तर', 'मी डबी लपवून ठेवली असती तर', हे तिच्या डोक्यात फिरत असते. तिला आमच्यातला कोणी जाऊन पूर्वजन्मीचे पाप सांगतो. माउली, हा अधर्म आहे. तिची ती खंत आहे, अनुताप नव्हे. आणि खंतीवर औषध उपदेश नसतो. तिच्याजवळ बसावे, लेकरांच्या शाळेचे पाहावे, पेरणीला दोन माणसे पाठवावीत, आणि 'बाई, यात तुझा अपराध नाही' हे वाक्य तिला शंभर वेळा ऐकवावे.

मग अनुताप कोणाच्या दारात नेऊन ठेवायचा? व्याजाच्या पैशासाठी शेताचे खरेदीखत करून घेणाऱ्या सावकाराच्या. बोगस बियाणे विकून पावती न देणाऱ्या दुकानदाराच्या. कापसाच्या गाडीला काटा मारणाऱ्याच्या. हुंड्याचा आकडा सांगून मुलीच्या बापाला कर्जात लोटणाऱ्या सोयऱ्याच्या. ही माणसे परकी नाहीत. कधी कधी सप्ताहाची पंगत त्यांच्याच नावाने असते, आणि शाल-श्रीफळही त्यांनाच मिळते. कोणाचे अन्न नाकारा असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या पंगतीचे जेवलो त्याच्यासमोर अनुतापाचे निरूपण टाळायचे आणि विधवेसमोर पापाचे निरूपण करायचे, असे वीणेच्या साक्षीने करू नका एवढेच म्हणतो.

यावर उत्तर येते, 'पण त्यांनी मंदिराला कळस दिला ना!' देवाला कळस वाहिल्याने शेतकऱ्याचे शेत परत होत नाही. ज्याचे घेतले त्याला द्यावे लागते. तुकोबांच्या चरित्रात वह्या बुडाल्या आणि तरल्या हा प्रसंग आपण रंगवून सांगतो. त्याआधी बुडालेल्या कागदांचे फारसे सांगत नाही. घरात महाजनकी होती. १६३० च्या त्या भयंकर दुष्काळात घर आणि गाव दोन्ही होरपळले. त्यानंतर लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या खतांपैकी आपल्या वाटणीची खते तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ती खते तरून वर आली नाहीत, आणि यावीत असे तुकोबांना वाटलेही नाही. सावकार समोर बसला असेल त्या दिवशी हेच चरित्र सांगावे. त्याला शिव्या द्यायची गरज नाही. कथा पुरी सांगितली तरी पुरे.

शेवटचा मुद्दा आपणा सर्वांचा आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले ते १३३८ साली. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली. जिवंतपणी जे दार त्यांना बंद होते, त्याच दारापाशी. त्यानंतर चोखोबांची कथा सांगताना किती डोळे पाणावले असतील! पण ते दार त्यांच्या भावकीला उघडले ते १९४७ साली, सानेगुरुजी मे महिन्यात पंढरपुरात प्राणपणाने उपोषणाला बसले तेव्हा. मधे सहाशे नऊ वर्षे गेली. आपल्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाजांनी १९२८ सालीच खुले केले होते, ही आपल्याला भूषणाची गोष्ट. पण जिथे सहाशे वर्षे रडून दार उघडत नाही, तिथे रडण्याला अनुताप म्हणावे काय, याचा विचार करा. डोळ्यांतले पाणी सोपे आहे. कडी काढायला हात लागतो.

कोणी विचारील, 'आमच्या पूर्वजांनी केले, त्याचा ताप आम्ही का घ्यावा? तुम्हीच म्हणता, ज्याचा त्याने करावा.' रास्त प्रश्न आहे. आजोबांच्या पापासाठी तुम्ही छाती बडवू नका. पण आजोबांनी वेगळी लावलेली पंगत आज तुमच्या गावात तशीच बसत असेल, पाण्याचा पेला वेगळा ठेवला जात असेल, आणि तुम्ही वाढपी म्हणून फिरत असाल, तर ती पंगत आजोबांची राहिली नाही. ती तुमची आहे, आणि अनुतापही तुमचाच आहे.

माउली, आपण रुक्मिणीच्या माहेरची माणसे. वर्धा नदीच्या काठच्या कौंडण्यपुरातून आईची पालखी निघते आणि आषाढीला पंढरीला पोचते. वारीचे वर्म पाय वळवण्यात आहे. घराकडचे तोंड फिरवले की ती वारी. अनुतापाचेही तेच आहे. त्याचे पाऊल मागे, ज्याचा अपराध केला त्याच्या दाराकडे वळते, आणि तिथून पुढे पंढरीची वाट लागते. म्हणून 'मागे वळून पाहू नका' हा सुविचार पुन्हा आला, तर पाठवणाऱ्याला एक विचारा: मागे कोण उभे आहे? तिथे कोणी नसेल तर खुशाल पुढे चला. कोणी उभे असेल, तर यंदाच्या वारीआधी त्याच्या दारात जाऊन या. काही न बोलता नुसते गेलात तरी सुरुवात होते. पण जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. त्याचे जे आपल्याकडे राहिले आहे ते बरोबर घ्या.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.